वाळूजची ब्रुअरी : नाव, मालकी आणि पाणी यांचा इतिहास

प्रस्तावना :
उद्योगांच्या हस्तांतराचा इतिहास बहुधा भागभांडवलाच्या आकड्यांतून सांगितला जातो. कारखान्याची मालकी बदलते तेव्हा नेमके काय विकले जाते आणि काय जागेवरच राहते, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. बुलढाणा जिल्ह्याच्या पश्चिमेस असलेल्या औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील फॉस्टर्सच्या बिअर कारखान्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
‘फॉस्टर्स’ हे नाव मूळचे एका लहान ब्रुअरीचे. अमेरिकेतून मेलबर्नला आलेल्या दोन फॉस्टर बंधूंनी १८८८ च्या सुमारास ती सुरू केली आणि अल्पावधीतच विकून टाकली. पुढे १९०७ मध्ये अनेक ब्रुअरींच्या एकत्रीकरणातून कार्लटन अँड युनायटेड ब्रुअरीज ही कंपनी निर्माण झाली व हे नाव तिच्याकडे आले. संस्थापक गेले, नाव तेवढे उरले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हेच नाव औरंगाबादेत पोहोचले.

संपादनाची कारणे :
मद्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने प्रत्येक राज्याचा उत्पादनशुल्क व परवाना वेगळा आहे. परराज्यातून बिअर आणणे महाग पडते. शिवाय मद्याच्या थेट जाहिरातीस बंदी असल्याने नवे नाव रुजविणे कठीण असते. म्हणून चालू कारखाना आणि परिचित नाव एकदम विकत घेणे मोठ्या कंपन्यांना सोयीचे ठरते. २००० मध्ये भारतात आलेल्या साउथ आफ्रिकन ब्रुअरीजने (पुढे सॅबमिलर) हाच मार्ग अवलंबिला. ऑगस्ट २००६ मध्ये तिने फॉस्टर्सचा भारतीय व्यवसाय सुमारे १२ कोटी डॉलरना घेण्याचा करार केला.

२०१६ : तीन घटना :
या व्यवहारातील बोधचिन्हांच्या मोबदल्यावर भारतात कर लागतो काय, असा वाद निर्माण झाला. जुलै २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, बोधचिन्हाचे स्थान त्याच्या मालकाच्या देशात, म्हणजे ऑस्ट्रेलियात असते. सबब त्यावर भारतात कर लागत नाही.

त्याच वर्षी मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता. लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. वाळूजच्या उद्योगांना पाणी मिळते ते जायकवाडीचे. एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात प्रथम ५० टक्के व १० मेपासून ६० टक्के कपातीचा आदेश दिला. ऑक्टोबरमध्ये अ‍ॅनहॉयझर-बुश इनबेव्ह या कंपनीने १०० अब्ज डॉलरहून अधिक किमतीस सॅबमिलरच ताब्यात घेतली.

निष्कर्ष :
या तीन घटना एकत्र पाहिल्या असता असे दिसते की, नावाचे मूल्य कायद्याच्या दृष्टीने परदेशात होते, मालकी एका खंडातून दुसऱ्या खंडात गेली. पाणी मात्र गोदावरीचेच राहिले. २००९ मध्ये पुण्यात डूलालीपासून सुरू झालेल्या लहान ब्रुअरींच्या प्रवाहाकडे पाहतानाही हा भेद ध्यानी ठेवावा लागेल. नाव विकता येते, जागा सोडता येते. धरणातील पाणी कोणी व किती वापरावे, याचा निर्णय मात्र तेथील समाजालाच करावा लागतो. प्रादेशिक उद्योगेतिहासाने त्याचीही नोंद घेणे अगत्याचे आहे.