बारनिशीपासून बनावट ई-मेलच्या चाचणीपर्यंत : कार्यालयीन पत्रविश्वासाचा इतिहास आणि भंडारा जिल्हा

प्रस्तावना

मराठी कार्यालयीन पत्रव्यवहारात मूळ पत्रासोबत जोडलेल्या कागदास 'सहपत्र' असे म्हणतात. ई-मेलच्या युगात हेच सहपत्र अटॅचमेंट या नावाने ओळखले जाऊ लागले आणि कार्यालयाच्या संगणकात शिरण्याची ती एक चोरवाटही ठरली. कर्मचारी संशयास्पद सहपत्र उघडतात किंवा कसे, हे पाहण्यासाठी संस्थेनेच आपल्या कर्मचाऱ्यांना बनावट ई-मेल पाठविण्याची पद्धत गेल्या दोन दशकांत जगभर रूढ झाली आहे. या चाचणीकडे सामान्यतः संगणकशास्त्राचा विषय म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तिच्या मुळाशी एक जुना प्रशासकीय प्रश्न आहे : आलेले पत्र खरे की खोटे, हे ठरविण्याची जबाबदारी दप्तराची की पत्र उघडणाऱ्या व्यक्तीची? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेऊन भंडारा जिल्ह्यासारख्या ठिकाणी अशा चाचणीचे स्वरूप कसे असावे, याचा विचार केला आहे.

१. शिक्का, मोर्तब आणि बारनिशी

मराठेशाहीतील राजपत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपताच मोर्तब केले जाई. मोर्तबानंतर एकही ओळ वाढविता येऊ नये, हा त्यामागील हेतू होता. लांब पत्रासाठी कागद एकमेकांस जोडले जात तेव्हा त्या जोडांवरही शिक्के उमटविले जात. पत्र दप्तरात नोंदले गेल्याचे शेरे निराळे असत. मायना, हस्ताक्षर, शिक्का, शेरा आणि पत्र आणणारा जासूद अशा अनेक खुणांनी पत्राचा खरेपणा सिद्ध होई. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आजही अंतिम मान्यतेच्या अर्थाने वापरला जातो, तो याच व्यवस्थेची आठवण आहे.

भंडाऱ्याचा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. १८५४ मध्ये ते राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची रचना झाली, १९५६ मध्ये हा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राजवटी बदलल्या, परंतु आलेल्या कागदाची एका ठिकाणी नोंद करण्याची कल्पना टिकून राहिली. आजही शासकीय कार्यालयात 'आवक-जावक बारनिशी' असते. टपाल तेथे फोडले जाते, त्यावर आवक क्रमांक व दिनांक पडतो आणि मग ते संबंधित कार्यासनाकडे जाते. म्हणजे कार्यासनावरील लिपिकाच्या हाती येणारा कागद कोणाच्या तरी नजरेखालून गेलेला असतो. पत्राविषयी शंका घेण्याचे काम व्यवस्थेने स्वतःकडे ठेवले होते.

ई-मेलने ही साखळी तोडली. पत्र बारनिशी ओलांडून थेट व्यक्तीच्या पडद्यावर येऊ लागले. पाठविणाऱ्याचे नाव बनावट घालणे सोपे झाले आणि लिफाफा, शिक्का, हस्ताक्षर या खुणा नाहीशा झाल्या. पारख करण्याचा भार मात्र गाजावाजा न होता शेवटच्या वाचकावर येऊन पडला.

२. सहपत्राचे शस्त्र

मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा' हा विषाणू वर्ड दस्तऐवजाच्या रूपाने ई-मेलद्वारे पसरला. ४ मे २००० रोजी फिलिपाईन्समधून निघालेल्या 'आय लव्ह यू' या विषाणूने जगभरातील कार्यालये हादरविली. त्याच्या फाईलच्या नावास दोन शेपटे होती. विंडोज प्रणाली नेहमीच्या मांडणीत शेवटचे शेपूट लपवीत असल्यामुळे ती आज्ञावली साध्या मजकुराच्या फाईलसारखी दिसे. ती उघडताच विषाणू त्या व्यक्तीच्या पत्तापुस्तकातील सर्वांना तोच ई-मेल धाडीत असे. त्यामुळे पुढील वाचकास तो ओळखीच्या माणसाकडून आलेला दिसे. अनोळखी व्यक्तीचे पत्र उघडू नये, हा उपदेश येथेच अपुरा ठरला.

महाराष्ट्रात या काळाचा आणखी एक पैलू आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर व त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९० च्या दशकात पुण्यात विषाणूरोधक आज्ञावली तयार केली. त्यातून उभ्या राहिलेल्या क्विक हील या कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये भारतीय संरक्षण दलांवर रोखलेली 'साइडकॉपी' नावाची मोहीम उघडकीस आणली. त्या मोहिमेतील एका घातक फाईलचे नाव संरक्षण उत्पादन धोरण २०२० या दस्तऐवजाचे होते. संरक्षण खात्याशी संबंधित कर्मचाऱ्याने असा दस्तऐवज उघडणे हे निष्काळजीपणापेक्षा कर्तव्याच्या जवळचे होते, आणि हल्लेखोरांची भिस्त नेमकी त्यावरच होती.

बँकांच्या बाबतीतही हेच दिसते. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेतून ८.१ कोटी डॉलर लुबाडले गेले. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या तक्रारीनुसार, त्यापूर्वी बँकेच्या कर्मचाऱ्यांना नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराच्या नावाने ई-मेल पाठविण्यात आले होते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेल्या सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. सहकारी क्षेत्राला हा प्रश्न दूरचा राहिला नाही.

३. चाचणीचा उगम

कर्मचाऱ्यांच्या परीक्षेचा बहुचर्चित प्रारंभिक प्रयोग २००४ मध्ये अमेरिकेतील वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत झाला. एरन फर्ग्युसन यांनी ५१२ छात्रांना 'कर्नल रॉबर्ट मेलव्हिल' या नावाने ई-मेल पाठविला. गुणपत्रकात अडचण असून दिलेला दुवा तातडीने उघडावा, असे त्यात म्हटले होते. अकादमीत या नावाचा कर्नल नव्हता. तरीही ८० टक्क्यांहून अधिक छात्रांनी दुवा उघडला. सायबर सुरक्षेचे पाठ मिळालेले छात्रही त्यांत होते. मात्र कर्नलचा हुकूम तत्काळ पाळावा, ही शिकवण अधिक खोलवर रुजलेली होती. पुढील फेऱ्यांत सहपत्रांचाही वापर झाला.

२००५ मध्ये न्यूयॉर्क राज्य शासनाने सुमारे १०,००० कर्मचाऱ्यांवर असाच प्रयोग केला. पहिल्या फेरीत सुमारे १५ टक्के कर्मचारी संकेतशब्द देण्यास प्रवृत्त झाले, दुसऱ्या फेरीत हे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांवर आले. त्याच वर्षी इंडियाना विद्यापीठातील संशोधकांनी विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग महाविद्यालयीन वाचकांनी विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. अनोळखी व्यक्तीच्या नावाने आलेल्या ई-मेलला १६ टक्के, तर मित्राच्या नावाने आलेल्या ई-मेलला ७२ टक्के विद्यार्थी बळी पडले. पूर्वकल्पना न देता प्रयोग केल्याबद्दल विद्यार्थ्यांत मोठी नाराजीही उमटली. चाचणीचा उपयोग आणि तिची नैतिक अडचण, दोन्ही गोष्टी आरंभीच स्पष्ट झाल्या होत्या.

४. पुरावा आणि आक्षेप

पुढे ही चाचणी एक व्यवसाय बनली. चुकलेल्या कर्मचाऱ्यास लगेच धडा दाखवावयाचा, ही तिची ठरलेली रीत होय. तिच्या परिणामकारकतेविषयीचा पुरावा मात्र निराश करणारा आहे. झुरिकच्या ईटीएच संस्थेने एका मोठ्या कंपनीतील १४,००० हून अधिक कर्मचाऱ्यांचा १५ महिने अभ्यास करून २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चुकल्याबरोबर दाखविल्या जाणाऱ्या धड्याने कर्मचारी अधिक सावध झाल्याचे आढळले नाही. उलट, संशयित ई-मेल कळविण्याची सोपी सोय दिली असता कर्मचारी दीर्घकाळ तत्परतेने कळवीत राहिले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील आरोग्यसंस्थेतील सुमारे १९,५०० कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातही प्रशिक्षणामुळे चुकांच्या प्रमाणात केवळ १.७ टक्क्यांचा फरक पडल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

चाचणी क्रूरही होऊ शकते. डिसेंबर २०२० मध्ये, महासाथीच्या काळात, गोडॅडी या अमेरिकी कंपनीने कर्मचाऱ्यांना ६५० डॉलरच्या सणाच्या बोनसचे बनावट ई-मेल पाठविले आणि नंतर तिला क्षमा मागावी लागली. २०२४ मध्ये सांताक्रूझ येथील विद्यापीठाने इबोलाच्या रुग्णाची खोटी वार्ता चाचणीसाठी वापरली. तेथेही दिलगिरी व्यक्त करण्याची वेळ आली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेली 'फिश स्केल' ही मोजपट्टी या गोंधळावर प्रकाश टाकते. बनावट ई-मेलमध्ये संशयाच्या खुणा किती आहेत आणि त्याचा विषय कर्मचाऱ्याच्या रोजच्या कामाशी किती जुळतो, या दोन्ही बाबी ती मोजते. विषय कामाशी जितका जुळेल तितकी चूक होण्याची शक्यता वाढते. म्हणून निव्वळ टक्केवारीवरून कर्मचाऱ्यांची गुणवत्ता ठरविणे अशास्त्रीय आहे.

५. भंडारा जिल्ह्याचा संदर्भ

१ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यानंतर उरलेल्या भंडारा जिल्ह्यात सात तालुके आहेत. जवाहरनगर येथे आयुध निर्माणी असून ती १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीचा भाग आहे. तुमसर तालुक्यात मॉइलच्या मँगनीज खाणी आहेत, वरठीला पोलाद कारखाना आहे. तहसील कार्यालये, जिल्हा परिषद, पतसंस्था आणि महाविद्यालये यांचा बराच पत्रव्यवहार ई-मेलवर चालतो. जिल्हा लहान म्हणून धोका लहान, असे समजण्यास आधार नाही.

येथील कर्मचाऱ्याची स्थिती वेस्ट पॉइंटच्या छात्राहून फारशी निराळी नाही. विधिमंडळाच्या तारांकित प्रश्नाची माहिती 'आजच दुपारपर्यंत' मागविणारे पत्र आले, तर ते न उघडणाऱ्यास कारणे दाखवा नोटिशीची भीती असते. महागाई भत्ता, बदलीची यादी, वेतननिश्चिती हे विषय प्रत्येकाच्या जिव्हाळ्याचे असतात. प्राध्यापकांच्या बाबतीत शोधनिबंध स्वीकृत झाल्याचे पत्र किंवा मूल्यांकनाची सूचना तेच काम करते. ज्याला आज्ञापालनासाठी शाबासकी मिळते, त्यालाच त्याच आज्ञापालनासाठी मूर्ख ठरविणे न्याय्य नव्हे.

यात कायद्याचा पेचही आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे शासकीय व खासगी संस्थांना बंधनकारक आहे. चुकून फाईल उघडलेल्या लिपिकाने शिक्षेच्या भयाने दोन दिवस मौन बाळगले, तर ही मुदत पाळली जाणे अशक्य आहे. चुकलेल्यांची नावे सूचनाफलकावर लावणारी चाचणी नेमके हेच मौन शिकविते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, पत्राची पारख हे मूलतः दप्तराचे काम होते आणि ई-मेलने ते एकट्या व्यक्तीवर ढकलले. चाचणी त्याज्य नाही, तिचा रोख मात्र बदलावयास हवा. किती जणांनी फाईल उघडली, यापेक्षा पहिली सूचना किती मिनिटांत आली, हे मोजावे. चाचणीस सक्षम अधिकाऱ्याची लेखी संमती असावी, अशा चाचण्या होतात हे कर्मचाऱ्यांस आधी माहीत असावे, आजार आणि पगार यांसारखे विषय वर्ज्य करावेत आणि चुकीची नोंद गोपनीय अहवालात जाऊ नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संशयित ई-मेल कोठे पाठवावा, याचे एकच ठिकाण प्रत्येक कार्यालयात असावे. ती नव्या काळाची बारनिशीच होय. ती अस्तित्वात नसताना केवळ कर्मचाऱ्यांची परीक्षा घेणे म्हणजे मोर्तबाविना पत्र धाडून वाचकास दोष देण्यासारखे आहे.