उशाशी कोण बसणार?

मुलगा सतरा वर्षांचा. रात्र रात्र झोपत नाही, जेवण टाकलंय, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलतो. डॉक्टर म्हणतात, दाखल करू. आई विचारते, ''मला याच्यापाशी थांबता येईल ना?''

जुन्या मनोरुग्णालयांत नातेवाइकांचा निरोप बहुधा फाटकाशीच व्हायचा. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी घरच्या मंडळींना आवारात तंबू ठोकून राहू दिलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही घरचं माणूस सोबत असणं हा उपचाराचाच भाग मानला. कर्मचारी कमी, हे कारण होतंच. पण या सोबतीने रुग्ण सावरतो आणि घरच्यांची भीतीही जाते, हे दिसून आलं.

कायदा मात्र मागे राहिला. १९८७च्या कायद्यात वेगळ्या रुग्णालयांची सोय सांगितली ती सोळा वर्षांखालच्यांसाठी. सतरा वर्षांच्या पोराने जायचं कुठे? मोठ्यांच्याच वॉर्डात! २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८मध्ये लागू झाला आणि ही रेषा अठरावर गेली. मुलांची व्यवस्था प्रौढांपासून वेगळी हवी, दाखल केल्याचं ७२ तासांत मंडळाला कळवायला हवं. आणि मुक्काम संपेपर्यंत पालक किंवा नेमलेलं माणूस सोबत हवंच, मुलीपाशी बाईमाणूस.

म्हणजे त्या आईला आता थांबता येतं, नव्हे, कुणीतरी थांबावंच लागतं. हातावर पोट असलेल्या बाईचा तेवढ्या दिवसांचा रोज कोण भरून देणार, याबद्दल कायद्यात काही नाही.