ओगरचे गणित

१९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून तीन पुस्तिकांची एक पेटी बाजारात आली. खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. कर्ते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. मेजाभोवती बसलेले खेळाडू एकेका वीराची भूमिका घेत आणि एक जण, डन्जन मास्टर, उरलेले सगळे जग चालवी. त्या जगात ओगर नावाचा एक धिप्पाड, मंदबुद्धी राक्षस होता. त्याच्या निमित्ताने एक जुना वाद नीट उलगडतो : वीर ज्या नियमांनी घडतो, त्याच नियमांनी राक्षसही घडला पाहिजे काय?

पहिल्या पेटीत हा प्रश्न उद्भवतच नव्हता. वीराला बल, बुद्धी, चापल्य असे सहा गुण. शिवाय वर्ग आणि पातळी. ओगरच्या वाट्याला तक्त्यातली एक ओळ : चिलखताचा आकडा ५, चार फासे अधिक एक, चाल, संख्या, खजिना. त्याच्या बळाला वेगळा आकडा नव्हता. खेळ जन्मला होता वॉरगेममधून, लुटुपुटीच्या रणांगणावरून. तिथे पलटणीची ताकद मोजतात, स्वभाव नव्हे.

१९७५ मध्ये केन सेंट आंद्रे याने 'टनेल्स अँड ट्रोल्स'मध्ये राक्षस एका आकड्यात बसवला. १९७८ च्या 'रुनक्वेस्ट'ने नेमके उलटे केले : शत्रूलाही वीरासारखेच गुण दिले आणि घाव कोणत्या अवयवावर बसला, हेही दोघांसाठी सारखेच मोजले.

२००० साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची तिसरी आवृत्ती निघाली. मॉन्टे कुक, जोनाथन ट्वीट आणि स्किप विल्यम्स यांनी वीर आणि राक्षस एकाच कायद्याखाली आणले. २००३ च्या सुधारित ग्रंथातल्या ओगरचे बल २१, बुद्धी ६ आणि हिट पॉइंट २९. या २९ चा हिशेब देता येतो : आठ बाजूंच्या चार फाशांची सरासरी १८, काटकपणाचे ८ आणि 'टफनेस' या विशेष कौशल्याचे ३. सगळे उघड, सगळे न्याय्य. ओगरला वीरांचे वर्गही घेता येत. त्याच ग्रंथात चार पातळ्यांचा बार्बेरियन झालेला ओगर आहे. त्याचे हिट पॉइंट ७९. खेळाडूला स्वतःच ओगर व्हावेसे वाटले, तर तीही सोय होती.

या समतेची किंमत मात्र एकाच माणसाने मोजली. खेळाडूला एक पात्र सांभाळायचे असते. डन्जन मास्टरला एका संध्याकाळसाठी डझनभर. ओगरला चार पातळ्या चढवायच्या, तर नवे फासे, हल्ल्याचा आकडा, बचावाचे तिन्ही आकडे, कौशल्यांचे गुण, नवे विशेष कौशल्य असे सारे पुन्हा मांडायचे. एवढ्या खटाटोपातून उभा राहिलेला ओगर मेजावर तीन फेऱ्यांत मरून पडे आणि त्याचे निम्मे आकडे कुणाच्या दृष्टीसही पडत नसत. नियम सुंदर होता, पण त्याचे सौंदर्य बहुधा तो हिशेब मांडणाऱ्यालाच दिसे.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने ही गाठ सरळ तोडली. राक्षसाची पातळी आणि लढाईतली भूमिका ठरवायची. आकडे त्यावरून निघत. 'मिनियन' हा नवा प्रकार आला : हिट पॉइंट फक्त एक, घाव बसला की खेळ संपला. त्यात ओगरही होता. तयारीचा भार हलका झाला, पण अनेकांना ते खटकले. एवढा डोंगरासारखा जीव एका फटक्यात कोसळतो, तर त्या जगाला काही नियम उरला की नाही? आक्षेप पोकळ नव्हता. २००९ मध्ये पायझो या प्रकाशनसंस्थेने जुन्या नियमांवर 'पाथफाइंडर' काढला आणि समतेचे चाहते तिकडे वळले.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ओगरला सहा गुण राहिले, हिट पॉइंट ५९ झाले. पण त्याचे फासे आता शरीराच्या आकारावरून ठरू लागले, वीराचे मात्र वर्गावरूनच. आणि २०१९ मध्ये 'पाथफाइंडर'ची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा त्या ग्रंथानेही राक्षसांना वीरांच्या नियमांतून मोकळे केले होते.