डोंगरातला पाऊस आणि वाळूतला तळ

मंगळवेढ्याहून सोलापूरकडे येताना भीमा नदी ओलांडण्याआधी माचणूर हे गाव लागते. काठावर सिद्धेश्वराचे देऊळ आहे, जवळच एक पडका किल्ला आहे, आणि उन्हाळ्यात पाहाल तर खाली नदीची वाळू पसरलेली दिसते. शेजारीच ब्रह्मपुरी. पलीकडच्या तीरावर बेगमपूर. वाचकहो, या वाटेने तुमच्यापैकी अनेकजण बाजाराला, कोर्टकचेरीला, लग्नकार्याला गेला असाल. पण या काठावर एके काळी साऱ्या हिंदुस्थानची राजधानी होती, आणि तीही दगडविटांची नव्हे, कापडाची, हे किती जणांना ठाऊक आहे?

गोष्ट आहे औरंगजेब बादशहाच्या छावणीची. २१ मे १६९५ रोजी त्याचा तळ ब्रह्मपुरीला पडला. गावाचे नाव बदलून त्याने इस्लामपुरी ठेवले. १९ ऑक्टोबर १६९९ रोजी तो तेथून हलला. म्हणजे साडेचार वर्षांना एक महिना कमी, इतका काळ काबूलपासून कर्नाटकापर्यंतची फर्माने आपल्या या भीमाकाठच्या तंबूंतून सुटत होती.

बादशहा येथवर आला कसा, ते आधी थोडक्यात पाहू. १६८१ च्या नोव्हेंबरात तो बऱ्हाणपूरला उतरला. दख्खनचे काम उरकून परत जाऊ, असा त्याचा हिशेब होता. १६८५ च्या मे महिन्यात तो सोलापूरला आला. पुढल्या वर्षी विजापूर पडले, त्याच्या पुढल्या वर्षी गोवळकोंडा पडला. १६८९ साली संभाजी महाराजांना पकडून ठार मारण्यात आले. कागदावर पाहिले तर काम संपले होते. पण राजाराम महाराज दूर जिंजीला जाऊन बसले, आणि इकडे संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांच्या फौजा आज येथे तर उद्या तेथे, अशा उठू लागल्या. बादशहा परत फिरू शकेना. मग तळ हेच त्याचे घर झाले.

आता हा तळ म्हणजे काय प्रकरण होते, ते डोळ्यांपुढे आणा. बादशहाच्या डेऱ्यांचे दोन संच असत. एका मुक्कामी तो राहत असतानाच दुसरा संच पुढच्या मुक्कामी रवाना होई. त्याला पेशखाना म्हणत. खासे डेरे तांबड्या कनातीने वेढलेले असत, त्या वेढ्याला गुलालबार म्हणत. रात्री उंच खांबावर दिवा लावीत. त्याचे नाव आकाशदिवा. एवढ्या गर्दीत वाट चुकलेल्या माणसाने त्याकडे पाहून आपले ठिकाण शोधावे, ही त्यातली सोय. ब्रह्मपुरीला येण्याच्या थोडेच आधी, १६९५ च्या वसंतात, कारेरी नावाचा एक इटालियन प्रवासी कृष्णाकाठी गलगले येथे ही छावणी पाहून गेला. तिचा घेर तीस मैल असून तीत अडीचशे बाजार आहेत, असे त्याने लिहून ठेवले आहे. प्रवाशाच्या आकड्यात थोडी वाढ धरली, तरी ते एक चालतेबोलते शहर होते, यात शंका नाही.

या शहराला खायला कोण घालीत होते? एक बैलजोडी दिवसाला किती कडबा खाते, हे मी तुम्हाला सांगायला नको. तेथे तर हत्ती, उंट, घोडे आणि बैल यांची गणतीच नव्हती. धान्य वाहून आणण्याचे काम बंजाऱ्यांचे तांडे करीत. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून ते दूरदूरच्या मुलखांतून येत. वाटेत मराठ्यांनी तांडा गाठला, की तळावर महागाई. आणि जवळपासच्या वीस-पंचवीस कोसांतली वैरण, सरपण, ज्वारी? ती पहिल्या वर्षातच संपली असणार. भीमसेन सक्सेना नावाचा एक कायस्थ गृहस्थ मोगलांच्या चाकरीत होता. त्याने फारसीत आपले अनुभव लिहिले आहेत. सततच्या मोहिमांनी आणि वसुलीने कुणबी कसे मेटाकुटीस आले, आणि त्यांनी पेरण्या सोडून हाती भाला कसा धरला, हे त्यानेच नमूद केले आहे. बादशाही नोकराचीच ही साक्ष आहे, म्हणून तिला वजन आहे.

‘बुणगे’ हा शब्द आपण जुन्या बखरींतून वाचतो. लढणाऱ्या शिपायांखेरीज जो पसारा फौजेबरोबर असतो, म्हणजे बायकापोरे, दुकानदार, मोतद्दार, सामानसुमान, तो बुणगे. ब्रह्मपुरीला हळूहळू या बुणग्यांचेच राज्य झाले. १६९७ च्या पावसाळ्यात भीमेला मोठा पूर आला आणि तळाची दैना उडाली. तरी तळ तेथेच राहिला. एवढा पसारा हलवायचा कोठे आणि कसा?

शेवटी १६९९ साली बादशहाने ठरवले, की मराठ्यांचे डोंगरी किल्ले आपण स्वतः जाऊन घ्यायचे. बायकामुले, जड सामान आणि वजीर असदखान यांना ब्रह्मपुरीस ठेवून तो सह्याद्रीकडे निघाला. त्या वेळी त्याचे वय ऐंशीच्या पुढे होते. नोव्हेंबरात कऱ्हाडजवळचा वसंतगड त्याला मिळाला. डिसेंबरात साताऱ्याला वेढा पडला. १७०० च्या मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले. एप्रिलात साताऱ्याच्या तटाखाली मोगलांनी सुरुंग उडवला, तो त्यांच्याच अंगावर आला आणि दोन हजारांच्या आसपास माणूस दरडीखाली गाडला गेला. तरी सातारा पडला. जूनच्या सुरुवातीला परळीचा किल्ला, म्हणजे सज्जनगड, तोही पडला. जय झाला खरा, पण मृगाचा पाऊस डोक्यावर होता.

येथून पुढची हकीकत नीट ऐका. साताऱ्याच्या डोंगरातून खटावच्या भूषणगडापर्यंतचे अंतर पंचेचाळीस मैल, म्हणजे आजचे सुमारे बहात्तर किलोमीटर. २१ जूनला निघालेला बादशाही लवाजमा तेथे २५ जुलैला पोचला. पस्तीस दिवस! रोज सरासरी दोन किलोमीटर. आपला एखादा म्हातारा गुराखी शेळ्या चारीत चारीत याहून लांब जाऊन येतो. ओढे भरलेले, कृष्णा दुथडी, चिखलात उंट बसले ते उठले नाहीत. पालखीशिवाय पाऊल न टाकणाऱ्या सरदारांनाही त्या राडीतून पायी चालावे लागले.

डोंगर उतरून मंडळी सपाटीला आली आणि ऑगस्टअखेर आपल्याच सांगोला भागात, माण नदीवर, खवासपूरला मुक्काम पडला. माण नदी तुम्हाला ठाऊक आहे. महादेवाच्या डोंगरात उगम पावते, दहिवडी, म्हसवड, आटपाडीवरून येते आणि पुढे भीमेला मिळते. बाराही महिन्यांत ती नदी कमी आणि वाळूचा पट्टा जास्त. दोन्ही काठांवर तंबू लागले, आणि मधली कोरडी, सपाट वाळू मोकळी पाहून तीतही डेरे ठोकले गेले. जागा छान होती. चिखल नाही, काटे नाहीत, मेख चटकन बसते. पाऊसकाळ सरत आला होता. भीती कसली?

१७०० च्या ऑक्टोबरची पहिली तारीख. मध्यरात्र. वर दूर डोंगरात पाऊस कोसळला होता, आणि तळावरच्या कोणाला त्याची वार्ता नव्हती. पाण्याचा लोंढा झोपलेल्या माणसांवर आला. किती माणसे, किती जनावरे गेली, त्याची मोजदाद कोण ठेवणार? गलका ऐकून बादशहाला वाटले, मराठे तळात घुसले. तो गडबडीने उठला, ठेच लागून पडला आणि उजवा गुडघा निखळला. हकिमांना तो नीट बसवता आला नाही. बादशहा जन्माचा लंगडा झाला. दरबारी लोकांनी समजूत घातली, की मूळ पुरुष तैमूर लंगडा होता, तो वारसा आता पुरा झाला!

वाचकहो, त्या रात्री खवासपूरच्या एखाद्या म्हाताऱ्याला कोणी विचारले असते, तर त्याने काय सांगितले असते? “नदीच्या पोटात बिऱ्हाड करू नये. आभाळ इथं निरभ्र असलं म्हणून काय झालं, पाणी डोंगरातून येतं.” एवढेच ना? डोंगर आणि वाळू या दोन वेगळ्या जागा नव्हेत, एकाच नदीची ती दोन टोके आहेत. हे ज्ञान त्या काळी येथल्या प्रत्येक झोपडीत होते. ते विचारून घ्यावे, असे मात्र त्या तीस मैलांच्या तळात कोणाला सुचले नाही.

बरे, एवढ्याने धडा घेतला म्हणावे, तर तेही नाही. १७०१ च्या डिसेंबरात विशाळगडाला वेढा पडला. पुढल्या जूनमध्ये परशुराम त्रिंबक यांनी दोन लाख रुपये घेऊन गड सोडला. पुन्हा ऐन पावसात परतीची वाट! विशाळगड ते पन्हाळा, तीस मैल. १० जूनला निघाले, १७ जुलैला पोचले. अडतीस दिवस. म्हणजे खवासपूरनंतर चाल आणखीच मंदावली.

उलट बाजू पाहा. मराठा स्वाराजवळ घोडा, भाला, घोंगडी आणि खोगिराला बांधलेली शिदोरी. त्याला घाट ठाऊक, नदीचा उतार ठाऊक, कोणत्या ओढ्याला कधी पाणी येते ते ठाऊक. १७०० नंतर ताराबाईंनी कारभार हाती घेतला आणि त्यांच्या फौजा माळव्या-गुजरातेपर्यंत जाऊन येऊ लागल्या. अर्थात खरे तेच सांगितले पाहिजे. या फौजांनी रयतेला तोशीस दिली नाही, असे मुळीच नाही. चौथाई वसूल करणारा आणि खंडणी मागणारा कुणब्याला सारखाच जड. १७०२ पासून दोन वर्षे दख्खनमध्ये दुष्काळ आणि रोगराई माजली, त्यात लक्षावधी माणसे गेली. मोठ्यांच्या लढाईत पोट मारले जाते ते लहानांचे, ही गोष्ट दोन्हीकडच्या फौजांना लागू आहे.

बादशहाने जे किल्ले वर्षानुवर्षे खपून, पैसे मोजून मिळवले, त्यांतले बरेचसे चार-पाच वर्षांत मराठ्यांनी परत घेतले. १७०६ च्या जानेवारीत तो अहमदनगरला येऊन थांबला. पुढल्या वर्षी तेथेच त्याचा अंत झाला. पंचवीस वर्षांपूर्वी दख्खनेत उतरलेला हा माणूस दिल्लीला पुन्हा गेलाच नाही.

जाता जाता आणखी एक तळ आठवतो. औरंगजेब सोलापुरास आला तो १६८५ चा उन्हाळा. त्याच वर्षी तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी देहूहून पालखी सोहळ्याला सुरुवात केली, असे परंपरा सांगते. तोही राहुट्यांचाच मुक्काम. तोही पावसातला, घाटातला, नदीकाठचा. पण वारकऱ्याच्या खांद्यावर टाळ, पताका आणि पडशी, आणि सकाळी उठून पुढे चालायचे असल्यामुळे त्याचा भार वाटेवरच्या बहुतेक गावांवर एका रात्रीहून अधिक राहत नाही. गाव त्याला भाकरी घालते ती आपणहून. त्या कापडी राजधानीची आज एक मेखही उरली नाही, पालखीचा तळ मात्र दर आषाढात पडतो.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. यंदाची सहल फार लांब नेऊ नका. मुलांना माचणूरला न्या. किल्ल्याच्या तटावर उभे करून नदी दाखवा. मग नकाशात भीमाशंकरपासून भीमेवर आणि महादेवाच्या डोंगरापासून माण नदीवर बोट फिरवायला सांगा. आज भीमेवर उजनीचे धरण आहे, पुराची सूचना आधी मिळते. तरीसुद्धा २०२० च्या ऑक्टोबरात भीमाकाठच्या कितीतरी घरांत पाणी शिरले, ते त्यांतल्या काही मुलांनी पाहिलेही असेल. त्यांना विचारा, “बाळांनो, बादशहाचा तळ कोठे चुकला?” आणि घरी जाऊन आजोबांना विचारायला सांगा, की आपल्या ओढ्याला पाणी येते ते कोणत्या डोंगरावरचे. दुसऱ्या दिवशी वर्गात येतील ती उत्तरे फळ्यावर लिहून ठेवा.