त्या झेंड्यातलं एक कमळ आपलं होतं

भाकरी थापून झाल्या असतील तर बसून ऐका, नसतील तर थापता थापता ऐका. आज एका झेंड्याची गोष्ट सांगायची आहे.

मागच्या २६ जानेवारीला मी आपल्या भागातल्या एका गावात झेंडावंदनाला गेले होते. सरपंच बाई आहेत, पण दोरी ओढली त्यांच्या मालकांनी. बाई शेजारी फुलांचं ताट धरून उभ्या. नंतर विचारलं, तर म्हणाल्या, "ताई, झेंड्यातलं आपल्याला काय कळतं?" ते मनाला लागून राहिलं. कारण भारताचा म्हणून एक झेंडा परदेशात पहिल्यांदा फडकावणाऱ्यांत एका बाईचंच नाव घेतलं जातं.

त्या बाई म्हणजे मादाम भिकाईजी कामा. १८६१ साली मुंबईत एका सधन पारशी घरात जन्मल्या. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, तेव्हा लोक घरं सोडून पळत होते आणि या आजाऱ्यांची सेवा करत होत्या. त्यांनाही प्लेग झाला. त्यातून वाचल्या, पण तब्येत खचली. उपचारासाठी विलायतेला गेल्या आणि तिथे क्रांतिकारकांच्या कामात पडल्या.

२२ ऑगस्ट १९०७. जर्मनीतलं श्टुटगार्ट शहर. देशोदेशीच्या समाजवाद्यांची मोठी परिषद भरली होती. भारत तेव्हा गुलाम, त्यामुळे ब्रिटिश प्रतिनिधींनी भारताच्या ठरावाला हरकत घेतली. तरी बाई साडी नेसून उभ्या राहिल्या, इंग्रजी राज्यात इथला माणूस कसा उपाशी मरतो ते बोलल्या, आणि शेवटी झेंडा उलगडून सगळ्यांना उठून वंदन करायला सांगितलं.

आता तो झेंडा डोळ्यांसमोर आणा. तीन आडवे पट्टे. वर हिरवा, मध्ये केशरी-पिवळा, खाली लाल.

हिरव्या पट्ट्यावर आठ कमळं. ही देवाची फुलं म्हणून नाहीत, तर इंग्रजांच्या ताब्यातल्या आठ प्रांतांची खूण म्हणून आहेत. आपला नगर जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. म्हणजे त्यातलं एक कमळ आपलंही. हे मोठं का, ते सांगते. आपल्या देवगावचे राघोजी भांगरे इंग्रजांविरुद्ध उठले आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. असे उठाव जागोजागी झाले, पण ज्याचा त्याचा डोंगर वेगळा, लढाई वेगळी. साठेक वर्षांनी या सगळ्यांना एका कापडावर आणलं गेलं.

मधल्या पट्ट्यावर 'वंदे मातरम्'. गीत बंगालचं, पण अक्षरं आपली, देवनागरी. बंगालची फाळणी झाल्यावर हीच घोषणा दिली म्हणून तिकडे लोकांनी लाठ्या खाल्ल्या होत्या. म्हणून ती झेंड्यावर आली.

खालच्या पट्ट्यावर सूर्य आणि चंद्रकोर. आपल्याकडे देवळाजवळच्या जुन्या वीरगळावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. तिथे त्याचा अर्थ, चंद्र-सूर्य असेपर्यंत या वीराचं नाव राहो. झेंड्यावर अर्थ वेगळा होता : सूर्य हिंदूंचा, चंद्रकोर मुसलमानांची. दोघं एकाच लाल पट्ट्यावर.

आणि रंग? कोणी त्यांत धर्म पाहिले, कोणी धैर्य, विजय, बळ असे गुण पाहिले. रंग स्वतः काही बोलत नाही, माणसं त्याला बोलायला लावतात. आज हा रंग आमचा, तो तुमचा, अशी वाटणी आपण रोज पाहतो. तो झेंडा करणाऱ्यांनी उलटं केलं. गोधडी शिवताना आपण आईच्या लुगड्याचा तुकडा घेतो, सासूच्याही पातळाचा घेतो. कोणाचा तुकडा वगळला, तर तेवढी जागा उघडी पडते आणि थंडी तिथूनच शिरते.

मादाम कामांना या झेंड्याची किंमत मोजावी लागली. तीसेक वर्षं त्या मायदेशाबाहेर राहिल्या. थकल्यावर, राजकारणात पडणार नाही असं लिहून घेऊन सरकारने त्यांना १९३५ साली परत येऊ दिलं. १३ ऑगस्ट १९३६ ला मुंबईत त्या गेल्या. स्वातंत्र्य अकरा वर्षं लांब होतं. झेंडा मात्र इंदुलाल याज्ञिक यांनी लपवून भारतात आणला आणि तो पुण्याच्या केसरीवाड्यात जपून ठेवला आहे. पोरांची सहल पुण्याला गेली, तर मास्तरांना तो दाखवायला सांगा.

आपला आजचा तिरंगा वेगळा आहे. तो २२ जुलै १९४७ ला घटना समितीने स्वीकारला. पण १४ ऑगस्टच्या मध्यरात्री भारतातल्या बायकांच्या वतीने तो घटना समितीला कोणी अर्पण केला? हंसा मेहता यांनी. म्हणजे त्याही झेंड्याला पहिला हात बाईचाच लागला.

म्हणून त्या सरपंच बाईंना आणि तुम्हा सगळ्यांना सांगते. झेंड्यातलं आपल्याला कळतं. पुढच्या १५ ऑगस्टआधी शाळेत जा, शिपाईमामांकडून दोरीची गाठ शिकून घ्या, दोनदा ओढून बघा. आणि त्या सकाळी ताट मालकांच्या हातात द्या.