उसने आणि आपले : दिवेही परंपरेचा एक विचार

लहान समाजाच्या संस्कृतीचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचा कल बहुधा उगमशोधनाकडे असतो. कोणती गोष्ट कोठून आली हे सांगितले की तिचा निकाल लागला, असे त्याला वाटते. मालदीव द्वीपांच्या वाट्याला ही दृष्टी विशेषेकरून आली आहे. भाषा सिंहलीची बहीण, धर्म अरबांचा, मोठा ढोल आफ्रिकेचा, अलीकडील चाली हिंदी चित्रपटांच्या, अशी वजाबाकी केली की दिवेही लोकांचे स्वतःचे काही उरत नाही. परंतु ही वजाबाकीच मुळात चुकीची आहे.

भाषेचेच उदाहरण घ्यावे. दिवेही ही आर्यभाषाकुलातील दक्षिणेकडील टोकाची भाषा होय. तिचे सिंहलीशी असलेले निकटचे नाते विल्हेल्म गायगर यांनी १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शास्त्रीय पद्धतीने मांडले. नाते निकटचे असले, तरी दिवेहीची ध्वनिव्यवस्था तिची स्वतःची आहे. मूळचा 'प' तिच्यात 'फ' झाला. १६०२ ते १६०७ या काळात ह्या द्वीपांत अडकून पडलेल्या फ्रान्स्वा पिरार या फ्रेंच प्रवाशाच्या लेखनात मात्र त्या जागी 'प'च आढळतो. म्हणजे हे स्थित्यंतर त्यानंतरचे, द्वीपांवरच घडलेले आहे.

मराठी वाचकाला ही व्यवस्था नक्षत्रांच्या नावांतून सहज उमगेल. दिवेही कोळी व खलाशी यांनी वर्षाचे सत्तावीस भाग पाडले असून त्या भागांना 'नकइ' म्हणतात. रोहिणीचे 'रोनु', आर्द्रेचे 'अद', पुष्याचे 'फुस', हस्ताचे 'अत', चित्रेचे 'हित', रेवतीचे 'रेव' ही रूपे पाहावीत. आपला शेतकरी मृग, आर्द्रा, हस्त यांवर पेरणीचा आणि पावसाचा अंदाज बांधतो. तेथे त्याच नक्षत्रांवर वारा, लाटा आणि मासेमारी यांचे आडाखे बसविले गेले. आकाश तेच राहिले, त्याखालचा व्यवसाय बदलला.

परंपरागत गणनेनुसार ११५३ साली ह्या द्वीपांनी इस्लाम स्वीकारला. बाराव्या शतकाच्या अखेरचे 'लोमाफानु' नावाचे ताम्रपट बौद्ध विहारांच्या विध्वंसाची आणि मशिदींना दिलेल्या जमिनींची नोंद करतात. पण ते कोरलेले आहेत जुन्याच, डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या भारतीय वळणाच्या लिपीत. पुढे प्रचारात आलेली ताना लिपी उजवीकडून डावीकडे चालते. तिची पहिली नऊ अक्षरे एक ते नऊ ह्या अरबी अंकांवरून, आणि पुढील नऊ जुन्या देशी अंकांवरून घडविलेली आहेत. दोन परंपरांचे अंक घेऊन तिसरीच वर्णमाला उभारणे, ह्याला अनुकरण म्हणता येणार नाही. १९७६ च्या सुमारास शासनाने रोमन लिपीचा अवलंब केला, तो टिकला नाही. १९७८ नंतर ताना पुन्हा प्रतिष्ठित झाली.

संगीतातही हाच न्याय दिसतो. 'बोडुबेरु' हा मोठ्या ढोलांचा समूहगायनप्रकार पूर्व आफ्रिकेतून आलेल्या लोकांनी रुजविला, असे मानले जाते. ढोल नारळाच्या खोडाचा, त्यावर पूर्वी पाकटाचे कातडे. आणि 'बेरु' ह्या नावाचे नाते मात्र संस्कृत 'भेरी'शी. 'बंडिया' नृत्यात स्त्रिया पाण्याच्या धातूच्या घागरींवर ताल धरतात. 'तारा' हे चर्मवाद्य अरब वळणाचे. राष्ट्रगीताचे शब्द दिवेही, तर १९७२ साली त्याला चाल दिली ती श्रीलंकेच्या अमरदेवांनी. ह्या सर्वांहून अंतरंगातील प्रकार म्हणजे 'रइवरु'. ही जुनी गेय कविता छंदासाठी शब्दांतील अक्षरांची जागा बदलते, त्यामुळे अर्थ उलगडावा लागतो. तिचा खरा आधार पाठ नव्हे, म्हणणाऱ्याचा कंठ आहे. तो थांबला की लिहून ठेवलेली अक्षरे मुकी होतात.

फेब्रुवारी २०१२ मध्ये माले येथील राष्ट्रीय संग्रहालयात जमावाने इस्लामपूर्व काळातील मूर्ती फोडल्या. दगडात जपलेली स्मृती काही मिनिटांत नष्ट होऊ शकते, हे त्या दिवशी दिसले. नक्षत्रांच्या नावांत आणि ढोलाच्या नावात राहिलेली स्मृती तशी फोडता येत नाही; तिला विसर पडणे तेवढे पुरते.

हा विसर केवळ परक्यांचा प्रश्न नाही. लक्षद्वीपातील मिनिकॉय, तेथील लोकांचे 'मलिकु', ह्या भारतीय द्वीपावर हीच भाषा 'महल' ह्या नावाने बोलली जाते आणि ताना लिपीतच लिहिली जाते. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही, आणि भारतीय साहित्यांच्या तौलनिक चर्चेतही तिचा उल्लेख क्वचितच येतो. आर्यभाषांच्या वाङ्मयाचा इतिहास किनाऱ्यापाशी थांबत नाही. थांबते ती इतिहासकाराची दृष्टी. उसने काय आणि आपले काय, हा प्रश्न दिवेहींना विचारण्याआधी, जी भाषा आपलीही आहे तिला आपण परकी का मानली, ह्याचे उत्तर भारतीय समीक्षेने दिले पाहिजे.