गळती थांबली, तेव्हा ब्रेक लागला

जुनी मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर आणण्याचा छंद असलेली मंडळी सहसा आधी इंजिन खोलतात, टाकीला रंग देतात, चाके घासून चकचकीत करतात. पुढच्या ब्रेककडे जाणारी काळी रबरी नळी मात्र तशीच राहते. ती फाटलेली नसते, गळतही नसते. मग बदलायची कशाला? उत्तरासाठी थोडे मागे जाऊ या.

बंदिस्त द्रवाला दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा ब्लेझ पास्कल यांचा नियम आपण वर्गात शिकवतो. त्यांचा याविषयीचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. पण नियम कळला म्हणजे यंत्र झाले, असे नव्हे. जोसेफ ब्रामा यांनी इंग्लंडमध्ये द्रवदाबयंत्राचे पेटंट घेतले ते १७९५ मध्ये, म्हणजे १३२ वर्षांनी. मोठी अडचण गळतीची होती. दट्ट्याभोवतीच्या फटीतून पाणी निसटे. फट घट्ट बुजवावी, तर दट्ट्याच अडके. आतल्या दाबानेच फुलून फट बंद करणारी चामड्याची कडी हा त्यावरचा उपाय ठरला. ही युक्ती ब्रामांकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्ले यांची मानली जाते.

मोटारींच्या ब्रेकमध्येही गळतीने पाठ सोडली नाही. सळया व तारांनी ओढलेले ब्रेक सर्व चाकांना सारखे लागत नसत. अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये द्रवदाबाच्या ब्रेकचे पेटंट घेतले. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना असे ब्रेक आले. पण चामड्याच्या वाट्या गळत. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी तेथे रबर वापरले आणि १९२४ च्या त्यांच्या मोटारीत हे ब्रेक विश्वासार्ह झाले. खनिज तेलात नैसर्गिक रबर फुगते, म्हणून द्रव होता एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण!

मोटारसायकलींचे काम बराच काळ तारेच्या ब्रेकवर भागले. १९६९ मध्ये होंडा सीबी ७५० पुढच्या चाकाला द्रवदाबाचा डिस्क ब्रेक घेऊन आली आणि मग इतरांनीही तो स्वीकारला. हँडल वळते, पुढचा फोर्क वरखाली होतो. त्यामुळे येथे लवचीक नळी हवीच.

आता थोडे गणित करू. समजा, हँडलजवळच्या दट्ट्याचा व्यास १४ मिलिमीटर व चाकाजवळच्या दट्ट्याचा ४२ मिलिमीटर आहे. व्यास तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ आणि बलही ९ पट. पण मोठा दट्ट्या सरकतो अंतराच्या नवव्या भागाइतकाच. जुनी नळी दाबाखाली किंचित जरी फुगली, तरी हाताची बरीच हालचाल त्या फुगवट्यातच वाया जाते.

दुसरा दोष बाहेरून दिसत नाही. आतले अस्तर सुजून छिद्र अरुंद होते. हाताचा जोर द्रवाला त्यातून पुढे ढकलतो. परतीला मात्र एवढा जोर नसतो. लिव्हर सोडला तरी ब्रेक धरूनच राहतो आणि तबकडी तापत जाते. त्यातच डॉट ४ सारखा द्रव हवेतील ओलावा शोषतो. मानकानुसार त्याचा उत्कलनबिंदू ताजा असताना किमान २३० अंश सेल्सिअस, तर ३.७ टक्के पाणी शिरल्यावर किमान १५५ अंश असतो. द्रव उकळला की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि लिव्हर थेट मुठीला टेकतो. उतारावर याचा अर्थ काय, हे सांगायला नको.

हे वर्गात दाखवता येईल. सुई नसलेल्या लहान व मोठ्या अशा दोन पिचकाऱ्या सलाइनच्या नळीने जोडा व पाणी भरा. लहान दट्ट्या दाबताच मोठा सरकतो. आता मोठा दट्ट्या बोटाने अडवून धरा आणि लहान दाबून पाहा; तो जवळजवळ हलत नाही. मग हवेचा एक बुडबुडा आत सोडा आणि तसेच करा. दट्ट्या आत जातो, पण जोर पलीकडे नीट पोचत नाही. विद्यार्थी ही गोष्ट विसरणार नाहीत.

म्हणून जुन्या गाडीची नळी दिसायला चांगली असली तरी बदलावी. सोबत सांध्यांवरच्या तांब्याच्या चकत्या नव्या घालाव्यात, ताजा द्रव भरावा आणि शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत हवा काढावी. टाकीचा रंग पुढच्या वर्षी दिला तरी चालेल.